कबुलीचं व्याकरण

आमच्या वसतिगृहाच्या वाचनकट्ट्यावर गेल्या महिन्यात भांडण झालं ते एका झेरॉक्सवरून. जोशी-अभ्यंकर खून खटल्यात फाशी गेलेल्या मुनव्वर शहाच्या आत्मकथेची, ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’ची स्पायरल घातलेली प्रत, चार-पाच बॅचच्या हातांतून फिरून मऊ पडलेली. कुणीतरी ती कट्ट्याच्या कपाटात ठेवली, कुणीतरी काढून टाकली, तिसऱ्याने परत आणून ठेवली, आणि मग रीतसर बैठक बसली. एक बाजू म्हणत होती, दहा माणसं मारणाऱ्या टोळक्यातल्याचं पुस्तक आपल्या कपाटात नको. दुसरी म्हणत होती, गुन्हेगाराचं मन समजून घ्यायला याहून थेट साधन कोणतं? दीड तास चाललं. मी गप्प होते, कारण मी पुस्तक वाचलंच नव्हतं. नंतर कळलं की बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांनीही वाचलं नव्हतं. ती प्रत मी त्याच रात्री खोलीवर नेली.

माझं मत आधीच सांगते. पुस्तक कपाटात राहावं, पण ‘खुनी माणसाचं मन आतून दाखवणारं पुस्तक’ म्हणून कुणी ते कुणाच्या हातात देऊ नये. मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि आम्हाला अशा मजकुरासाठी एक नेमका शब्द शिकवलाय: साथीदाराची साक्ष. ती ऐकायची असते. तिच्यावर एकटीवर मात्र काही उभं करायचं नसतं. बंदीवाले आणि ‘मन समजून घ्या’वाले एकाच गोष्टीवर ठाम आहेत, की या पुस्तकात सत्य आहे. एकांना त्या सत्याची भीती वाटते, दुसऱ्यांना त्याची ओढ आहे. आणि गोची नेमकी तिथेच आहे.

पुण्याबाहेरच्या किंवा माझ्या वयाच्या वाचकांसाठी थोडं मागचं. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा हे चौघे टिळक रस्त्यावरच्या कला महाविद्यालयात कमर्शियल आर्ट शिकत होते. पहिला बळी त्यांचाच वर्गमित्र. मग ३१ ऑक्टोबरला विजयनगर कॉलनीतलं जोशी कुटुंब, १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरचं अभ्यंकरांचं घर, आणि २३ मार्च १९७७ला आणखी एक तरुण. आणीबाणी उठून तेव्हा दोन दिवस झाले होते. शिस्तपर्व म्हणून जिची आरती ओवाळली जात होती त्या आणीबाणीत पुण्यातली घरं दिवेलागणीला आतून कड्या घालत होती, हे त्या काळाबद्दल बोलताना फारसं कुणाला आठवत नाही. सप्टेंबर १९७८मध्ये सत्र न्यायालयाने चौघांना फाशी सुनावली, पुढच्या न्यायालयांत ती कायम झाली, आणि १९८३ साली येरवड्यात ती दिली गेली. शहाचं पुस्तक त्याच येरवड्याच्या भिंतीआडून आलं. बळींपैकी एकाचा अपवाद सोडला तर नावं मी मुद्दाम लिहीत नाही. त्यांच्या घरची माणसं याच शहरात भाजी आणायला जात असतील.

याच कारणामुळे बंदीवाल्यांचा मुद्दा मला हलका वाटत नाही. बैठकीत एक मुलगी म्हणाली, “तुझ्या आजीला मारणाऱ्याची आत्मकथा कुणी रंगीत कव्हर घालून विकली असती, तर?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. जपानमध्ये कोबे शहरात १९९७ साली मुलांचे खून करणारा चौदा वर्षांचा मुलगा मोठा झाला आणि २०१५मध्ये त्याने नाव न देता आत्मकथा छापली. मारल्या गेलेल्या मुलाच्या वडिलांनी ती मागे घ्या म्हणून सांगितलं, काही दुकानांनी ती ठेवायला नकार दिला. तरी ती धडाक्यात खपली. ज्या घराने मूल गमावलं त्या घराला न विचारता त्याच्या मरणाचा तपशील बाजारात येतो. याला आविष्कारस्वातंत्र्य म्हणताना जीभ जराशी अडखळायला हवी.

पैशाचा प्रश्नही आहेच. अमेरिकेत एकामागून एक खून करणाऱ्या डेव्हिड बर्कोविट्झच्या प्रकरणाच्या निमित्ताने न्यूयॉर्क राज्याने १९७७मध्ये कायदा केला, की गुन्हेगाराला त्याच्या कथेतून मिळणारा पैसा बळींसाठी बाजूला ठेवायचा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये तो रद्द केला. त्यातलं एक कारण वाचून मी हसले: कायद्याचं जाळं इतकं मोठं होतं की त्यात संत ऑगस्टीनची ‘कबुली’सुद्धा सापडली असती. म्हणून प्रश्न सुटला असं नाही. नोरिओ नागायामा या जपानी तरुणाने १९६८मध्ये चार जणांना गोळ्या घातल्या, तुरुंगात अक्षरशः शिकला, लिहू लागला, आणि १९७१मध्ये त्याचं पहिलं पुस्तक आलं. पुस्तकांचं मानधन त्याने बळींच्या घरच्यांसाठी दिलं. त्यालाही १९९७मध्ये फाशी झाली, कोबेचा तो मुलगा पकडला गेल्यावर महिन्याभराने. म्हणजे कायदा न करताही एखाद्याला हे सुचू शकतं.

पण बंदी? आपल्याकडे तिचा अनुभव आहे. गोपाळ गोडसेंचं ‘गांधीहत्या आणि मी’ १९६७मध्ये जप्त झालं, १९६९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जप्ती उठवली, आणि पुस्तक आजही मिळतं. त्यातल्या विधानांना उत्तर द्यायला जी माणसं बसायला हवी होती, त्यांतली कितीतरी ‘ते तर बंदी आलेलं पुस्तक’ म्हणून मोकळी झाली. बंदीमुळे वाचक घटत नाहीत. उलटतपासणी करणारे तेवढे घटतात.

खरा धडा देणारं प्रकरण तमिळनाडूतलं आहे, आणि आम्हाला ते घटनेच्या तासाला खासगीपणाच्या हक्काखाली, अगदी कोरडेपणाने शिकवलं जातं. सहा खुनांसाठी फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकरची आत्मकथा ‘नक्कीरन’ साप्ताहिक छापणार होतं. त्यात बड्या पोलिस आणि सनदी अधिकाऱ्यांशी असलेल्या लागेबांध्यांची हकिकत होती म्हणे. १९९४मध्ये तुरुंगाच्या महानिरीक्षकांनी साप्ताहिकाला कळवलं, की असं काही त्याने लिहिलेलंच नाही, छापाल तर कारवाई होईल. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी निकाल दिला तो मोठा शहाणपणाचा. हे त्याने लिहिलं की नाही या वादात न्यायालय शिरलंच नाही. ‘लिहिलेलं नाही’ असं धरून ते चाललं, आणि तरीही म्हणालं, जे सार्वजनिक नोंदींत आहे ते छापायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि छापण्याआधी तोंड दाबायचा हक्क अधिकाऱ्यांना नाही. नोंदींच्या पलीकडे गेलात तर परिणाम तुमचे. म्हणजे मजकुराचा पाया लेखकाच्या सहीवर नाही, बाहेरच्या पुराव्यावर आहे. आमच्या बैठकीत वीस मिनिटं ‘हे खरंच त्यानेच लिहिलं का, की कुणी लिहून घेतलं’ यावर गेली. ती वीस मिनिटं फुकट गेली असं मला वाटतं.

का ते सांगते, आणि त्यासाठी याच प्रकरणातला एक कागद पुरेसा आहे. १६ जानेवारी १९७६ला त्या वर्गमित्राला कर्वे रस्त्यावरच्या जक्कलच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं, आणि त्याच्याकडून वडिलांना चिठ्ठी लिहून घेतली: मी घर सोडून जातोय. त्यानंतर त्याला मारलं. हा मुलगा कलेचा विद्यार्थी, त्याचं अक्षर वडिलांना ओळखू आलं असणारच. अक्षर त्याचं, सही त्याची, कागदही खरा. आणि मजकूर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत खोटा. जोशी-अभ्यंकर प्रकरणातला पहिला ‘आत्मकथनपर’ मजकूर हा आहे. ‘त्याच्याच हातचं आहे’ याने काय सिद्ध होतं, हे ज्यांनी ती चिठ्ठी लिहून घेतली त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल?

अर्थात शहाच्या डोक्यावर कुणी तसा उभा नव्हता, असं कुणी म्हणेल. बरोबर. पण फास डोळ्यांपुढे होता, आणि फास हाही मजकूर लिहून घेणाराच असतो. ‘ठगाची जबानी’ म्हणून आपण जे ओळखतो ते आठवा. ठगांच्या मागे लागलेल्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याच्या कचेरीत ठगांनी हकिकती सांगितल्या त्या माफीचे साक्षीदार म्हणून, न सांगितल्या तर पुढे काय हे पक्कं ठाऊक असताना. त्या काळच्या ऐकीव-पाहिल्यातून मेडोज टेलरने, हाच टेलर पुढे आपल्या नळदुर्गला राहिला, १८३९मध्ये अमीर अली नावाच्या ठगाच्या तोंडून सगळी कादंबरी वदवली. कादंबरी असूनही विलायतेत लोकांनी ती हिंदुस्थानचं मन म्हणून वाचली. पॅरिसच्या लासनेर या खुन्याने तर १८३६च्या जानेवारीत गिलोटिनखाली मान देण्याआधी कोठडीत बसून आठवणी लिहून काढल्या, भेटायला येणाऱ्यांची गर्दी सांभाळत. त्याच्या मागे जे छापलं गेलं त्यात प्रकाशकाची कात्री चाललीच. पंचवीस वर्षांनी दस्तयेवस्कीने आपल्या मासिकात त्याच्या खटल्याची हकिकत छापली. त्याच्या वाचनातून पुढे ‘अपराध आणि शिक्षा’ आलं, तर मग लासनेर वाचणं वाया गेलं का? नाही. पण दस्तयेवस्कीने त्यातून त्या कादंबरीतला खुनी रास्कोल्निकॉव घडवला, लासनेरचं म्हणणं जसंच्या तसं गिळलं नाही. एवढी वाचनशक्ती आमच्या कट्ट्यावर कुणात असेल तर मला भेटावं.

आता समोरच्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा. फाशीची वाट पाहणाऱ्या माणसाकडे पेनाशिवाय उरतं काय? फाशीविरुद्ध बोलणाऱ्यांना, मीही त्यांच्यातलीच आहे, असा आवाज लागतो, जो सांगेल की १९७६मधला मुलगा आणि १९८३मधला माणूस एकच नव्हेत. पश्चात्ताप खरा असू शकतो. शहाचा खरा नव्हता असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही, आणि तशी इच्छाही नाही. पण पश्चात्ताप माणसाबद्दल सांगतो, घटनेबद्दल सांगत नाही. रडून सांगितलेली गोष्टही चुकीची असू शकते. किंबहुना रडून सांगितलेली गोष्ट तपासायला आपण लाजतो, आणि तिथेच फसतो.

जुन्या पुरावा कायद्यात कलम ११४ खाली एक उदाहरण होतं, त्याचा मथितार्थ असा: साथीदार हा भरवशाचा नसतो, महत्त्वाच्या तपशिलात दुसरीकडून दुजोरा मिळाल्याशिवाय. या खटल्यातही एक वर्गमित्र माफीचा साक्षीदार झाला होता, आणि त्यानेही शपथेवर, भर न्यायालयात, उलटतपासणीला तोंड देत सांगितलं होतं. पुस्तकाला ना शपथ, ना उलटतपासणी. तरी आपण म्हणतो ‘आतून’ कळलं. न्यायाधीश ज्याच्यावर हात राखून विश्वास ठेवतो त्याच्यावर वाचक सबंध ठेवतो. असं का? मला वाटतं, कारण न्यायाधीशाला निकाल द्यायचा असतो आणि वाचकाला फक्त थरारून जायचं असतं.

हे मी रागाने नाही म्हणत, त्या झेरॉक्सकडे बघून म्हणतेय. पुस्तक मिटून कडेने पाहिलं तर कोणती पानं जास्त उघडली गेलीत ते दिसतं. खुनांच्या पानांची कड काळपट पडलीय, बाकीची अजून पांढरट आहे. आत तीन रंगांच्या खुणा: निळ्या पेनाने पश्चात्तापाच्या ओळी, पिवळ्या मार्करने कुणीतरी ‘विचारप्रवर्तक’ वाक्यं, आणि पेन्सिलीने रस्त्यांची नावं, बहुधा पुण्यात नव्याने आलेल्या कुणाच्या. अभ्यंकरांच्या घरी काम करणाऱ्या बाईंचाही त्या रात्री जीव गेला. त्यांच्यापाशी तिन्ही रंगांतली एकही खूण नाही. त्यांचं आडनाव खटल्याच्या नावातही नाही, पहिल्या मुलाचंही नाही. गावाने खटल्याला नाव देतानासुद्धा बंगले मोजले.

माझी रूममेट संस्कृत घेऊन एम.ए. करते. ती प्रत तिच्या पलंगावर पडलेली असताना तिने नाव वाचलं आणि म्हणाली, “अभ्यंकर म्हणजे आमचे अभ्यंकर?” मला क्षणभर कळेना. मला अभ्यंकर म्हणजे खटला. तिला अभ्यंकर म्हणजे काशिनाथशास्त्री, संस्कृत व्याकरणाच्या कोशाचे कर्ते. तो कोश १९६१मध्ये बडोद्याहून निघाला. त्यांच्या वडिलांनी, वासुदेवशास्त्र्यांनी, पतंजलीचं महाभाष्य मराठीत आणलं, त्याला प्रस्तावनेचा अख्खा खंड काशिनाथशास्त्र्यांचा. परिभाषांचा संग्रह त्यांनी १९६७मध्ये भांडारकर संस्थेसाठी संपादित केला. त्या व्याकरणकारांबद्दल म्हणतात ना, सूत्रातली अर्धी मात्रा वाचवता आली तरी त्यांना मुलगा झाल्याचा आनंद होतो. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ज्यांना त्यांच्याच घरात मारलं ते हे गृहस्थ. खटल्यावर लिहिताना सगळे ‘संस्कृतचे वृद्ध पंडित’ असं दोन शब्दांत लिहितात आणि खुनाच्या दोरीकडे वळतात. मीही आजवर तेवढंच वाचलं होतं.

तिला मी माझी अडचण सांगितली. म्हटलं, चौघांच्या गुन्ह्यावर एकाने पुस्तक लिहिलं की ‘मी’, ‘आम्ही’ आणि ‘तो’ यांच्या जागा सतत हलतात, आणि मला बोट ठेवता येत नाही. आपल्या भाषेतही सोय आहेच. ‘मी केलं’ म्हणायला जड जातं तेव्हा आपण ‘माझ्या हातून घडलं’ म्हणतो. ती हसली. “अगं, हे तर पहिल्या वर्षाला शिकवतात. रामेण बाणेन हतो वाली.” रामाने बाणाने वाली मारला. संस्कृतात ‘रामेण’ आणि ‘बाणेन’ दोघांना तृतीयाच, कर्तृकरणयोस्तृतीया. प्रत्यय बघून मारणारा कोण आणि मारायचं साधन कोणतं ते कळत नाही. मग कसं ठरवायचं? त्याला पाणिनीचं दुसरं सूत्र आहे, १.४.५४, स्वतन्त्रः कर्ता. क्रियेत जो स्वतंत्र, तो कर्ता. “आणि जो दुसऱ्याच्या सांगण्यावरून करतो तो?” मी विचारलं. माझ्या डोक्यात जक्कल होता, कारण टोळीचा म्होरक्या म्हणून त्याचंच नाव घेतात. ती म्हणाली, पुढचंच सूत्र: तत्प्रयोजको हेतुश्च. करायला लावणारा हाही कर्ता, प्रयोजक कर्ता. पण म्हणून करणाऱ्याचं कर्तेपण जात नाही. तो प्रयोज्य कर्ता. मालकाने गड्याकडून झाड तोडवलं तरी गडी कुऱ्हाड होत नाही.

गडी कुऱ्हाड होत नाही! फौजदारी कायद्याच्या पुस्तकात समान उद्देशावर पानंच्या पानं आहेत, जुनं कलम ३४, आणि मला ते इतकं स्वच्छ कधी समजलं नव्हतं. चौघांनी मिळून ठरवून केलेल्या कृत्यात प्रत्येक जण एकट्याने केल्यासारखाच जबाबदार असतो. कायद्याच्या ‘आम्ही’मध्ये भागाकार नाही. आत्मकथेच्या ‘आम्ही’मध्ये असतो, म्हणून तर ती लिहिली जाते. पहिल्या पानापासून शेवटापर्यंत लिहिणारा हळूहळू रामाच्या जागेवरून बाणाच्या जागेवर सरकत असतो. वाईट संगत, दारू, वय, काळ, म्होरक्या: भात्यातून सुटल्यावर बाण काय करणार? हे फक्त खुन्यांचंच नाही. निवृत्त अधिकाऱ्यांच्या, आणीबाणीत सह्या करणाऱ्यांच्या आठवणी काढून बघा, सगळीकडे बाणांचा ढीग. आणि ‘मन समजून घ्यायला’ बसलेला वाचक त्याला या सरकण्यात मदत करतो, कारण ‘का केलं’ या प्रश्नाला जे जे उत्तर मिळतं ते कर्त्याला थोडं थोडं परतंत्र करत जातं.

नावातला ‘येस’ही याच नजरेने बघा. ‘येस’ हे उत्तर आहे, म्हणजे आधी कुणीतरी प्रश्न विचारलेला असतो. तो प्रश्न आरोप ठेवताना भर न्यायालयात विचारतात: गुन्हा कबूल आहे का? तिथे ‘हो’ आलं असतं तर चार महिने खटला चालला नसता. मुखपृष्ठावर आलेला ‘हो’ ऐकायला न्यायालय नव्हतं, फक्त गिऱ्हाईक होतं. मी त्याला खोटा म्हणत नाही. उशिराचा म्हणते, आणि भलत्याच पत्त्यावर पाठवलेला.

म्हणून म्हणते, कपाटात ठेवा. पण त्याच्या शेजारी सत्र न्यायालयाचं निकालपत्र ठेवा, मिळेल तेवढं. मी त्या दिवसापासून त्याच्यामागे आहे. दोन कचेऱ्यांतल्या खिडक्यांवरून परत आले. एका कारकूनबाईंनी, भल्या होत्या, चष्म्यावरून बघत विचारलं, “पुस्तक आहे की त्याच्यावर, ते नाही का वाचलंस?”

कोश मात्र पहिल्या फेरीत मिळाला. रूममेटच्या विभागाच्या ग्रंथालयात, खालच्या फळीवर, जाड पुठ्ठ्याची बांधणी, कडेला धूळ. बाहेर न्यायला देत नाहीत म्हणून तिथेच बसून ‘क’ काढलं. समोरच्या बाकावर एक मुलगा त्याच कोशाची दुसरी प्रत उघडून वहीत काही उतरवून घेत होता. त्याला १ डिसेंबर १९७६ माहीत असेल की नाही कोण जाणे, मी विचारलं नाही.

झेरॉक्स काल परत कपाटात ठेवली. ठेवण्याआधी तिन्ही रंगांच्या मधल्या जागेत, जिथे जिथे ‘आम्ही’ आला होता तिथे समासात, बारीक पेन्सिलीने एकच आकडा लिहिलाय: १.४.५४.